नव्या राजाश्रयातले वाद्य

व्यापारी माणूस उगाच काही देत नाही, हे आपल्याकडचे जुने शहाणपण. बाजारात एखादी चांगली वस्तू फार स्वस्त मिळू लागली की घरातली वडील मंडळी ती आधी उलटीपालटी करून पाहतात, "यात काहीतरी गोम असणार" असे म्हणतात, आणि मग बहुधा विकत घेतात. संगीताच्या दुनियेत आज अशी एक वस्तू आहे. तिचे नाव 'लॉजिक प्रो'. ती बनवणारी कंपनी म्हणजे आयफोन विकणारी ॲपल. ही वस्तू फुकट नाही. पण तिच्या अंगी जेवढे गुण आहेत त्या मानाने तिची किंमत इतकी कमी आहे की, ती विकून या कंपनीला असे काय मिळत असेल, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. जगातल्या अतिश्रीमंत कंपन्यांत जिची गणना होते तिने संगीतकारांच्याच उपयोगाचे हे किचकट काम वीस वर्षांहून अधिक काळ का चालू ठेवले असावे? प्रश्न वरवर पाहता व्यापाराचा आहे. परंतु ज्यांना गाण्यात रस आहे त्यांनीही त्याचा विचार केला पाहिजे. आज आपल्या कानांवर पडणारे पुष्कळसे गाणे अशाच साधनांतून घडून येते. आणि साधन कोणाच्या हातात आहे यावर कलेचे बरेच काही अवलंबून असते.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी मुंबईत चित्रपटाचे गाणे मुद्रित व्हायचे ते ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत. व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, तबला-ढोलकवाले, बासरीवाला, गायक, काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक, असा मोठा संसार एका वेळी जमवावा लागे. आणि एकाचा सूर चुकला की साऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. लॉजिक म्हणजे हा सारा स्टुडिओ संगणकात बसवलेला आहे. प्रत्येक आवाजाला स्वतःची एक ओळ, म्हणजे ट्रॅक. एक ओळ चुकली तर तेवढीच पुन्हा मुद्रित करावी. कोणाचा आवाज वर, कोणाचा खाली, कोणाला दिवाणखान्यातला घुमारा, कोणाला देवळाच्या गाभाऱ्यातला, हे सारे पडद्यावर ठरवावे. वादक हाताशी नसेल तर त्याच्या वाद्याचा साठवलेला आवाज कळफलकावरून वाजवावा. काम झाले की त्याची स्वरलिपीही छापून घ्यावी. बिली आयलिश या अमेरिकन गायिकेने आपल्या भावासह २०१९ साली जो संग्रह केला तो बव्हंशी घरातल्या शयनगृहात, याच लॉजिकवर तयार झाला. आणि जानेवारी २०२० मध्ये तिने ग्रॅमीची चारही प्रमुख पारितोषिके मिळवली. आपल्याकडे ए. आर. रहमान यांचे नाव या साधनाशी जोडले गेले आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. म्हणजे हे हौशी पोरांचे खेळणे नव्हे.

आता या वाद्याचे कुळ पाहू. ते ॲपलच्या घरात जन्मलेले नाही. त्याचा जन्म जर्मनीतला. १९८५ च्या सुमारास अटारी कंपनीचा एक स्वस्त संगणक बाजारात आला. त्याला संगीताची वाद्ये थेट जोडण्याची सोय होती. त्या यंत्रासाठी हॅम्बुर्गच्या परिसरातल्या सी-लॅब या छोट्या कंपनीने 'क्रिएटर' आणि 'नोटेटर' ही सॉफ्टवेअरे लिहिली. पुढे गेऱ्हार्ड लेंगेलिंग आणि ख्रिस ॲडम यांनी 'इमॅजिक' ही कंपनी काढली आणि १९९३ च्या सुमारास 'लॉजिक' आले. ते ॲपलच्या मॅकवर चालत असे, तसे काही काळाने विंडोजवरही चालू लागले. ही मंडळी संगीताची साधने विकूनच जगत होती. मिरजेचा तंबोरा बनवणारा कारागीर जसा तंबोरा विकूनच घर चालवतो तसेच. तंबोरा बेसूर निघाला तर गिऱ्हाईक तुटते, आणि गिऱ्हाईक तुटले तर चूल विझते. इतका सरळ हिशेब.

१ जुलै २००२ रोजी ॲपलने इमॅजिक विकत घेतल्याचे जाहीर केले. त्याच घोषणेत आणखी एक वाक्य होते. इमॅजिकच्या उत्पन्नातला ६५ टक्क्यांहून अधिक वाटा मॅकवरच्या मालाचा आहे, आणि विंडोजवरचा माल ३० सप्टेंबरपासून बंद होईल. याचा सरळ अर्थ असा की, उत्पन्नाचा जवळजवळ एकतृतीयांश भाग ज्या गिऱ्हाइकांकडून येत होता त्यांना तीन महिन्यांची मुदत देऊन दाराबाहेर उभे केले. मिरजेच्या कारागिराने एकतृतीयांश गिऱ्हाइकांना "उद्यापासून येऊ नका" असे सांगितलेले कोणी ऐकले आहे काय? ज्याचे पोट तंबोऱ्यावर आहे तो असे करू शकत नाही. ज्याचे पोट दुसऱ्याच कशावर आहे तोच करू शकतो. आपल्या प्रश्नाच्या उत्तराची पहिली खूण येथे सापडते.

दुसरी खूण किमतीत आहे. २००४ साली लॉजिक प्रोची सातवी आवृत्ती ९९९ डॉलरला मिळत असे. २००७ साली, इतर अनेक साधने बरोबर देऊनही, किंमत ४९९ डॉलरवर आली. पूर्वी हे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी संगणकाला एक छोटी किल्ली जोडावी लागे. तीही त्याच वेळी काढून टाकली. २०११ च्या डिसेंबरात किंमत झाली १९९ डॉलर ९९ सेंट. २०१३ साली नवी 'टेन' आवृत्ती त्याच किमतीला आली; आणि तेव्हापासून वर्षामागून वर्षे सुधारणा होत राहिल्या, पण जुन्या ग्राहकाकडून त्यासाठी जादा पैसा घेतला गेला नाही. मे २०२४ मध्ये अकरावी आवृत्ती आली तीही त्याला विनामूल्य मिळाली. जो दुकानदार अकरा वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूत दरवर्षी नवी भर घालून देतो आणि पैसे मागत नाही, त्याचा नफा त्या वस्तूत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राचा पदवीधर लागत नाही.

तरीही हिशेब करून पाहू. समजा, दरवर्षी दहा लाख नवे लोक लॉजिक विकत घेतात. हा आकडा माझा, केवळ कल्पनेचा आहे. दोनशे डॉलरप्रमाणे त्याचे वीस कोटी डॉलर झाले. सामान्य कंपनीला ही रक्कम डोळे दिपवणारी वाटेल. परंतु ॲपलचे २०२४ च्या आर्थिक वर्षातले एकूण उत्पन्न ३९,१०० कोटी डॉलरच्या घरात होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या आयफोनचे. म्हणजे आपली उदार कल्पना खरी धरली तरी लॉजिकचा वाटा दोन हजार रुपयांत एक रुपयाचा! एवढ्या रुपयासाठी कोणी इतकी वर्षे उठाठेव करीत नाही. तो रुपया कशाला तरी आमिष म्हणून, आधार म्हणून किंवा शोभा म्हणून खर्च होत असला पाहिजे.

माझ्या मते तो तिन्ही गोष्टींसाठी खर्च होतो.

पहिली गोष्ट यंत्राची विक्री. लॉजिक फक्त ॲपलच्या यंत्रावर चालते. ज्याने दोनशे डॉलरचे लॉजिक घेतले त्याला त्याच्या अनेक पट किमतीचा मॅक घ्यावा लागतो. आणि काही वर्षांनी तो मंदावला की दुसराही मॅकच घ्यावा लागतो, कारण पाच-सात वर्षांत रचलेली सारी गाणी लॉजिकच्या पोटात असतात. दिवा महाग आणि तेल जवळजवळ फुकट, असा हा व्यवहार आहे. फक्त तेल दुसऱ्या दिव्यात जळत नाही. अकराव्या आवृत्तीचेच पाहा. मुद्रित झालेल्या गाण्यातून गायकाचा आवाज, ड्रम आणि बास वेगवेगळे काढून देणारी एक अद्भुत सोय तीत आली. सोय विनामूल्य, पण ती चालते ॲपलने २०२० पासून वापरात आणलेल्या स्वतःच्या नव्या चिपवरच. ज्याचा मॅक त्याआधीचा आहे त्याला सॉफ्टवेअर मिळाले, ही सोय मात्र मिळाली नाही. आमिष म्हणजे काय ते यावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. संगणकाची कसोटी पाहणारे संगीतासारखे दुसरे काम क्वचितच असेल. चित्रातली एखादी चौकट गळाली तर डोळा ती क्षमा करतो. कान मात्र क्षमा करीत नाही. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाचा आवाज म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे. असे शंभर आवाज एकाच वेळी चालायचे, प्रत्येकावर निरनिराळे संस्कार व्हायचे, आणि त्यातच गायकाला स्वतःचा आवाज कानाच्या यंत्रात तत्काळ ऐकू यायचा. काही सहस्रांश सेकंदांचा उशीर झाला तरी त्याची लय बिघडते. हे सारे न अडखळता करील ते यंत्र खरे. म्हणूनच जून २०१९ मध्ये ॲपलने आपला बलाढ्य मॅक प्रो दाखवला त्याच सुमारास लॉजिकची नवी आवृत्ती काढून, तीत एक हजार ध्वनिमुद्रित ट्रॅक एकत्र चालवता येतात, असे जाहीर केले. हजार ट्रॅकचे गाणे कोण रचतो? क्वचितच कोणी. परंतु पैलवानाने जत्रेत उचलायचा धोंडा घरच्या कामाचा नसतोच. तो उचलून दाखवायचा असतो. लॉजिक हा ॲपलचा घरचा धोंडा आहे. नवी चिप बनवली, नवी प्रणाली लिहिली, की ती पारखायला कठोर परीक्षक घरातच बसलेला असतो. त्यासाठी परक्या कंपनीच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी गोष्ट परंपरेची, किंवा शिडीची म्हणा. जानेवारी २००४ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी 'गॅरेजबँड' लोकांपुढे आणले. ते घडवणाऱ्या गटाचे नेतृत्व इमॅजिकमधून आलेल्या त्याच लेंगेलिंग यांच्याकडे होते. गॅरेजबँड म्हणजे लॉजिकचे धाकटे भावंड: सोपे, रंगीत, आणि २०१७ पासून सर्व ग्राहकांना मोफत. २००७ साली जगभर गाजलेल्या रिहानाच्या 'अम्ब्रेला' या गाण्याचा ठेका गॅरेजबँडबरोबर मिळणाऱ्या तयार ठेक्यांपैकीच एक होता. तेव्हा धाकटे भावंडही काही कच्चे नाही. शाळकरी मुलगा फोनवर गॅरेजबँडशी खेळतो, मोठा झाल्यावर तेच गाणे लॉजिकमध्ये उघडतो, पुढे ते ॲपल म्युझिकवर प्रसिद्ध होते आणि ॲपलच्याच कर्णयंत्रातून ऐकले जाते. जून २०२१ मध्ये ॲपल म्युझिकवर चहू बाजूंनी ऐकू येणाऱ्या डॉल्बी ॲटमॉस पद्धतीचे संगीत सुरू झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तसे संगीत बनवण्याची साधने लॉजिकमध्ये आली, तीही जादा पैसा न घेता. शेत, गिरणी, दुकान आणि ताट ही चारही एकाच घरची झाली. या साखळीतली लॉजिक ही कडी काढली तर साखळीच तुटते. आणि कडीची किंमत दोन हजारांत एक!

येथे कोणी म्हणेल, "सगळेच कसे पैशात मोजता? ॲपलचे संगीतावर प्रेमही असेल." असेल. या कंपनीचे आणि संगीताचे नाते जुने आहे, आणि ते कोर्टाच्या पायरीवरून सुरू झाले हे विशेष. बीटल्सच्या कंपनीचे नावही ॲपलच. तिने १९७८ साली संगणकवाल्या ॲपलवर दावा लावला. १९८१ साली तडजोड झाली ती या अटीवर की, संगणकवाल्यांनी संगीताच्या धंद्यात पडायचे नाही. पुढे संगणकात वाद्ये वाजवण्याची सोय आली तेव्हा पुन्हा दावा, आणि १९९१ साली सुमारे दोन कोटी पासष्ट लाख डॉलर देऊन पुन्हा तडजोड. त्याच सुमारास मॅकमधल्या एका छोट्या आवाजाला तिथल्या अभियंत्याने 'सोसुमी' असे जपानी वाटणारे नाव दिले. इंग्रजीत ते भरभर उच्चारले की "करा माझ्यावर दावा" असे ऐकू येते! हे भांडण २००७ साली कायमचे मिटले. इतका पैसा आणि इतकी वर्षे खर्चूनही ज्या कंपनीने आपल्या यंत्रातला आवाज सोडला नाही, तिच्यात संगीतावर जीव असणारी माणसे आहेत, हे मी आनंदाने मान्य करतो.

पण माणसांचे प्रेम वेगळे आणि कंपनीचे धोरण वेगळे. छायाचित्रकारांसाठी ॲपलने २००५ साली 'ॲपर्चर' काढले. व्यवसायी लोकांनी ते आपलेसे केले, हजारो छायाचित्रे त्यात लावून ठेवली. जून २०१४ मध्ये ते पुढे वाढवणार नसल्याचे कंपनीने जाहीर केले आणि पुढच्या वर्षी विक्री थांबली. चित्रपटातल्या दृश्यचमत्कारांसाठीचे 'शेक' हे सॉफ्टवेअर तिने २००२ साली, म्हणजे इमॅजिकच्याच वर्षी, विकत घेतले होते. २००९ साली ते बंद झाले. ॲपर्चर आणि शेक बनवणाऱ्यांचे आपल्या कामावर प्रेम नव्हते काय? नक्कीच असणार. पण त्या दोन कड्या साखळीत बसेनाशा झाल्या. लॉजिक जगले आहे ते प्रेमामुळे नव्हे. ते साखळीत बसते म्हणून. ज्या दिवशी ते बसणार नाही त्या दिवशी प्रेम त्याला वाचवील, असे मानायला इतिहासात आधार नाही.

या सर्व व्यवहाराला एकच नाव शोभते, आणि ते आपल्या परिचयाचे आहे: राजाश्रय. संस्थानिक गवयाला वर्षासन देत, राहायला घर देत. गवयाचे गाणे विकून दरबाराची तिजोरी भरायची नव्हतीच. ती शेतसाऱ्यावर भरत असे. गवयामुळे दरबाराला शोभा येई, नाव होई, आणि राजाला गाण्याची आवड असेल तर आनंदही मिळे. या आश्रयाने संगीताचे केवढे कल्याण केले हे महाराष्ट्राला सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात ठेवून घेतले नसते तर आपले संगीत किती दरिद्री राहिले असते! तसेच ॲपलच्या आश्रयामुळे एकेकाळी हजार डॉलरचे असलेले साधन पाचव्या हिश्शाला मिळू लागले, हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. २०१७ साली ॲपलने रहमान यांच्या के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरीत, चेन्नईत आणि होऊ घातलेल्या मुंबईच्या शाखेत, लॉजिक शिकवण्यासाठी मॅकच्या दोन प्रयोगशाळा उभारण्याचे आणि गरीब घरच्या होतकरू विद्यार्थ्यांना दहा शिष्यवृत्त्या देण्याचे जाहीर केले. हे दान आहे, आणि दानाचे स्वागत असावे.

मात्र राजाश्रयाच्या दोन मर्यादाही आपल्याला ठाऊक आहेत. पहिली म्हणजे दरबाराची अभिरुची गाण्यात उतरते. लॉजिकमध्ये कोरी पाटी उघडली की ती पाश्चात्त्य धाटणीची असते: मिनिटाला १२० ठोके, चार मात्रांचे आवर्तन, आणि सप्तकाचे बारा समान तुकडे. हे सारे बदलता येते. स्वरांची निराळी जुळणीही करता येते. पण नवशिका मुलगा जे समोर येते त्यातच गाणे रचू लागतो. कोमल गांधार किती कोमल, हा प्रश्न त्याला पडायच्या आधीच यंत्राने उत्तर दिलेले असते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. राजा गेला, की आश्रय जातो. १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला आले. पण त्यांच्याबरोबर त्यांची गायकीही आली, कारण ती त्यांच्या गळ्यात होती, दरबाराच्या कोठारात नव्हती. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून ती पुढे साऱ्या देशाने ऐकली. आता आजच्या संगीतकाराचे पाहा. त्याने दहा वर्षे लॉजिकवर काम केले आहे. त्याची अपुरी गाणी, त्याने जमवलेले आवाज, त्याने घडवलेले ठेके, सारे लॉजिकच्या स्वतःच्या साच्यात बंद आहे. तो साचा दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला सहजी उलगडत नाही. उद्या दरबार उठला तर हा गवई काय घेऊन बाहेर पडणार? २००२ साली विंडोजवरच्या लॉजिकवाल्यांवर हीच वेळ आली होती.

याउलट आपल्या पेटीची गोष्ट पाहा. पेटीही परदेशातून आलेली. तिच्यातही सप्तकाचे बारा ठरीव स्वर. म्हणून तर १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, आणि ती अंशतः उठायलाही १९७१ साल उजाडले. तीस वर्षे सरकारी ध्वनिक्षेपणाचे दार बंद असूनही पेटीचे काही बिघडले नाही. ती नाटकात वाजत राहिली, भजनात वाजत राहिली, शिकवणीच्या खोलीत वाजत राहिली. कारण ती लोकांच्या घरात होती. एकदा विकत घेतली की ती आपली. भाता फाटला, पट्टी अडकली, तर झाकण उघडून पाहता येत असे आणि दुरुस्त करणारा गावात भेटत असे. बनवणाऱ्याने दुकान बंद केले म्हणून घरातली पेटी मुकी झाली, असे घडत नव्हते. लॉजिकचे झाकण आपल्याला उघडता येत नाही. आणि मॅकवर एकदाच पैसे घेणाऱ्या याच कंपनीने २०२३ साली आयपॅडसाठी लॉजिक काढले ते मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर. वर्गणी थांबली की वाद्य थांबले.

मग छोट्या, स्वतंत्र कंपन्यांची साधने घ्यावीत काय? तेही सरसकट सुरक्षित नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'केकवॉक' हे संगीताचे जुने आणि लोकप्रिय सॉफ्टवेअर गिब्सन या गिटार बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे होते. म्हणजे मालक संगीताच्याच धंद्यातला. तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने त्याचे काम थांबवले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते उचलले म्हणून निभावले. तेव्हा राजा वाईट आणि दुकानदार चांगला, इतके हे सोपे नाही. दोघांवरही आपले सर्वस्व सोपवू नये, एवढेच खरे.

सोपवावे कशावर, याचे उत्तर संगीताच्या याच इतिहासात आहे. १९८३ साली निरनिराळ्या, एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या वाद्यकंपन्यांनी मिळून एक संकेत ठरवला: कोणता स्वर, किती जोराने, केव्हा दाबला आणि केव्हा सोडला, हे एका यंत्राने दुसऱ्याला कसे सांगायचे. त्याचे नाव 'मिडी'. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे त्याचे प्रमुख प्रणेते. हा संकेत कोणा एका कंपनीच्या मालकीचा ठेवला नाही, कोणाकडून त्यासाठी खंडणी घेतली नाही. अटारीचा तो संगणक केव्हाच गेला, सी-लॅब गेली, इमॅजिक गेली. मिडी मात्र चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. खुद्द लॉजिकही त्याच्याच खांद्यावर उभे आहे. ज्याचा कोणी राजा नाही तेच सर्वांत टिकले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आपल्या महाविद्यालयांतून आज पुष्कळ मुले-मुली गाणी रचतात. कोणी एकांकिकेसाठी, कोणी युवक महोत्सवासाठी, कोणी केवळ स्वतःच्या आनंदासाठी. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी लॉजिक जरूर वापरावे. दरबाराने ताट वाढले असता उपाशी उठण्यात शहाणपणा नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी केवळ दोनशे डॉलरच्या स्वस्ताईला भुलून घरच्यांना लाखाच्या घरातल्या खर्चात पाडू नये. विंडोजवर चालणारी स्वस्त आणि मोफत साधने आहेत, आणि गाणे त्यांच्यातही तितकेच चांगले किंवा तितकेच वाईट होते. परंतु दोघांनीही एक सवय लावून घ्यावी. गाणे पुरे झाले की त्याचा प्रत्येक आवाज साध्या, कोठेही उघडणाऱ्या ध्वनिफितीच्या रूपाने वेगळा काढून ठेवावा, स्वरांची मिडी प्रत ठेवावी, आणि चाल वहीत स्वरलिपीने लिहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. कंटाळवाणे आहे, हेही खरे.

पुढाऱ्यांची, प्राध्यापकांची आणि विद्यापीठांचीही येथे काही जबाबदारी आहे. संगीताच्या अभ्यासक्रमात संगणक येणारच, तो यावाही. पण विद्यार्थ्याला एका कंपनीचे एक सॉफ्टवेअर शिकवणे म्हणजे संगीत-तंत्रज्ञान शिकवणे नव्हे. ध्वनी म्हणजे काय, तो मोजतात कसा, दोन आवाज एकमेकांना कसे झाकतात, हे ज्याला कळले तो कोणत्याही साधनावर बसेल. ज्याला केवळ लॉजिकची बटणे कळली तो लॉजिक असेपर्यंतच संगीतकार राहील.

ॲपल लॉजिक का वाढवते? कारण ते तिच्या यंत्राला गिऱ्हाईक मिळवून देते, तिच्या यंत्राची परीक्षा घेते, आणि तिच्या घराला शोभा आणते. ही तिन्ही कारणे ॲपलची आहेत. त्यांत आपले एकही नाही. आपले कारण गाणे हे आहे. जोवर दोघांची कारणे एका वाटेने चालली आहेत तोवर बरोबर चालावे, पण आपले गाठोडे आपल्याच खांद्यावर असावे.